ट्रक घेण्याआधी बाजार वाचायला शिका

ट्रकच्या धंद्यात बहुतेक नवी माणसं चुकीच्या वेळी येतात. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. भाडी चढलेली असतात, मालधनी गाडीसाठी दिवसात चारदा फोन करत असतात, ओळखीतल्या कुणीतरी एका वर्षात दुसरी गाडी घेतलेली असते. हे बघून माणूस कर्जाचा अर्ज करतो. गाडी हातात येते, बॉडी बांधून होते, कागद पूर्ण होतात आणि तोवर भाडी उतरायला लागलेली असतात.

एक-दोन गाड्यांच्या मालकांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यांतले जे बुडाले त्यांतल्या फार थोड्यांना गाडी चालवता येत नव्हती किंवा कष्ट नको होते. बाकीच्यांचं गाडी घेण्याचं वर्ष चुकलं होतं, नाहीतर आपला खर्च किती हेच त्यांना नेमकं ठाऊक नव्हतं. या दोन्ही गोष्टी शिकता येतात. आणि त्या गाडी घेण्याआधीच शिकाव्या लागतात.

पहिली पायरी: तेजी-मंदी कुठून येते ते समजून घ्या

ट्रकला स्वतःची अशी मागणी नसते. कुणीतरी फ्रिज विकत घेतो, कुठेतरी पूल बांधला जातो, शेतातून माल निघतो, म्हणून ट्रक लागतो. मालाची उलाढाल थोडी हलली तरी भाडं मात्र जोरात हलतं, कारण गाड्यांची संख्या चटकन बदलत नाही. शंभर गाड्यांच्या बाजारात एकशे पाच गाड्यांचा माल आला की त्या पाच गाड्यांसाठी मालधनी एकमेकांवर चढाओढ करतात आणि सगळ्यांचंच भाडं वाढतं. माल पंच्याण्णव गाड्यांचा झाला की तीच चढाओढ गाडीमालकांमध्ये लागते. फरक फक्त दहा गाड्यांचा असतो. पण एका वर्षी घरात पैसा येतो आणि दुसऱ्या वर्षी हप्ता थकतो.

त्यात नवीन गाडी ऑर्डर केल्या दिवशी मिळत नाही. तेजीत सगळेच ऑर्डर देतात, कारखान्यांपुढे रांग लागते आणि गाड्या रस्त्यावर येतात त्या काही महिन्यांनी, सगळ्या एकदम. अमेरिकेचं उदाहरण घ्या, कारण तिथले आकडे नियमित प्रसिद्ध होतात. २०१८ साली तिथे मालाची तेजी होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अवजड ट्रकच्या एका महिन्यातल्या ऑर्डर ५० हजारांच्या पुढे गेल्या, तोवरचा तो उच्चांक होता. त्या गाड्या रस्त्यावर उतरत गेल्या आणि २०१९ मध्ये भाडी घसरली, अनेक वाहतूकदारांनी कामं बंद केली. ज्यांनी ऑगस्टमध्ये सही केली ते अडाणी नव्हते. त्या महिन्यात बाजार खरोखरच चांगला होता.

हाच खेळ पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे माल थांबला. मग घरात अडकलेल्या लोकांनी हॉटेल-प्रवासाचा पैसा वस्तूंवर खर्च केला, बंदरांवर माल साचला आणि २०२१ मध्ये भाड्यांनी विक्रम केला. हजारो नवे गाडीमालक धंद्यात आले. २०२२ च्या मार्च-एप्रिलपासून भाडी उतरू लागली, त्याच वर्षी युक्रेन युद्धामुळे डिझेल भडकलं, आणि ही मंदी २०२३ व २०२४ ही दोन्ही वर्षं रेंगाळली. मंदी इतकी का लांबली? कारण तेजीत पैसा साठवलेले मालक तोट्यातही तग धरून राहिले आणि गाड्या बाजारातून हलल्याच नाहीत. माल कमी होऊन भाडी पडली, तर माल वाढल्यावर ती सावरतात. गाड्या जास्त होऊन पडली, तर कुणीतरी धंदा सोडेपर्यंत थांबावं लागतं.

या धंद्यात शिरणं सोपं आहे, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. अमेरिकेत १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने प्रवेशावरची बंधनं सैल झाली आणि आज तिथल्या दहांपैकी नऊहून अधिक वाहतूकदारांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. जिथे एक गाडी आणि एक परवाना एवढ्यावर सुरुवात होते, तिथे फायद्याचं वर्ष स्वतःच गर्दी ओढून आणतं.

दुसरी पायरी: आपला किलोमीटरचा खर्च काढा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाजारभाव चांगला की वाईट, हे तुमचा स्वतःचा आकडा हातात असल्याशिवाय ठरवताच येत नाही.

खर्चाचे दोन ढीग करा. एका ढिगात गाडी उभी असली तरी जाणारा पैसा: हप्ता, विमा, कर, परवाने, चालकाचा ठरलेला पगार, पार्किंग. दुसऱ्यात गाडी फिरली तरच जाणारा: डिझेल, टायर, टोल, ऑईल, दुरुस्ती. नवे लोक दुसरा ढीग तोंडपाठ सांगतात आणि पहिला विसरतात. टायरचा खर्च तर टायर फुटल्यावरच आठवतो. तो रोज झिजतोय, म्हणजे रोज खर्च होतोय.

आता एक हिशेब करू. चलन कुठलंही धरा, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा उभ्या गाडीचा खर्च महिन्याला २,४०,००० आणि फिरत्या गाडीचा खर्च किलोमीटरला ४५ आहे. महिन्याला ८,००० किलोमीटर झाले तर उभ्या गाडीचे ३० आणि फिरतीचे ४५, म्हणजे किलोमीटरला ७५. मंदीत गाडी ५,००० किलोमीटरच फिरली, तर उभ्या गाडीचा वाटा ४८ वर जातो आणि एकूण खर्च ९३ होतो. म्हणजे मंदीत भाडं उतरतं आणि त्याच वेळी तुमचा किलोमीटरचा खर्च चढतो. ही दुहेरी कात्री ज्याला कागदावर दिसली नाही, त्याला ती बँकेच्या नोटिशीत दिसते.

पुढचा प्रश्न रिकाम्या परतीचा. ६०० किलोमीटरची खेप ११० च्या दराने मिळाली. ऐकायला उत्तम. पण गाडी रिकामी परतली तर ६६,००० ची कमाई १,२०० किलोमीटरवर पसरते आणि किलोमीटरला ५५ पडतात. ७५ खर्च असताना ५५ ची कमाई! परतीला ६० च्या दराने माल मिळाला तर ३६,००० वाढतात आणि सरासरी ८५ होते. ६० चा दर ऐकून 'एवढ्या कमी भाड्यात कशाला' म्हणणारे मला बरेच भेटले. गाडी तशीही परत यायचीच आहे, डिझेल जळायचंच आहे.

मात्र परतीच्या मालासाठी किती थांबायचं, यालाही हद्द आहे. वरच्या हिशेबात उभी गाडी दिवसाला ८,००० खाते. दोन दिवस थांबून ३६,००० मिळाले तर ठीक. पाच दिवस थांबलात तर ४०,००० गेले, त्यापेक्षा रिकामं आलेलं बरं. ही हद्द खेपेला निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा, कारण माल चढवण्याच्या जागी उभं राहिल्यावर 'उद्या नक्की मिळेल' हे ऐकायला फार गोड लागतं. आणि माल भरायला-उतरवायला लागणारा वेळही याच हिशेबात येतो. गोदामाबाहेर एक दिवस खोळंबा झाला तर त्याचं भाडं, म्हणजे हॉल्टिंग, किती तासांनंतर आणि किती लागू होणार, हे बिल्टी, म्हणजे माल भरल्याची वाहतूक-पावती, होण्याआधी लिहून घ्या. तोंडी ठरलेलं हॉल्टिंग क्वचितच मिळतं.

डिझेलबद्दल एवढंच. भरलेला लांब पल्ल्याचा अवजड ट्रक १०० किलोमीटरला साधारण ३० ते ३५ लिटर पितो. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि उभं राहून इंजिन चालू ठेवलं तर तासाला सुमारे तीन लिटर जातात. भाडं तुमच्या हातात नाही, चालकाचा उजवा पाय आहे. चालकाशी भांडून हे होत नाही. वाचलेल्या डिझेलमधला वाटा त्याला द्या, मग तो स्वतः लक्ष ठेवतो.

तिसरी पायरी: दर महिन्याला कोणते आकडे बघायचे

बातम्यांतलं 'अर्थव्यवस्था वाढतेय' हे वाक्य ट्रकवाल्याच्या फारसं कामाचं नाही. सेवा वाढल्या तर ट्रक भरत नाहीत, वस्तू हलल्या तर भरतात. म्हणून कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक बघा, त्याला पीएमआय म्हणतात. ५० च्या वर म्हणजे आधीच्या महिन्यापेक्षा वाढ, खाली म्हणजे घट. त्यातही एकूण आकड्यापेक्षा नव्या ऑर्डरचा आकडा जास्त सांगतो, कारण आज आलेली ऑर्डर काही आठवड्यांनी ट्रकमध्ये चढते.

त्याच्या जोडीला विक्रीच्या मानाने दुकानदारांकडे आणि कारखान्यांकडे साठा किती आहे ते बघा. गोदामं भरलेली असतील तर विक्री चांगली असूनही काही महिने नवा माल हलत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत हेच झालं. टंचाईच्या भीतीने मोठ्या दुकानांनी जास्त माल मागवून ठेवला, तो येऊन पडला आणि मग मागणी थंडावली.

मालवाहतुकीचे स्वतःचे निर्देशांकही असतात. अमेरिकेतला कास फ्रेट इंडेक्स वाहतुकीच्या खऱ्या बिलांवरून निघतो आणि दोन आकडे देतो: किती खेपा झाल्या आणि त्यावर किती पैसा खर्च झाला. तुमच्याकडे असा निर्देशांक नसला तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे. खेपा तेवढ्याच आणि पैसा कमी, तर गाड्या जास्त झाल्यात. दोन्ही कमी, तर मालच आटलाय. पैसा वाढतोय पण खेपा नाहीत, तर ती वाढ डिझेलची असू शकते, ती तुमच्या खिशात राहणार नाही. बाल्टिक ड्राय इंडेक्स अनेकजण ट्रकच्या चर्चेत आणतात. तो कोळसा, लोहखनिज, धान्य नेणाऱ्या जहाजांचा आहे, त्यावरून ट्रकचं भाडं ठरवू नका.

मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण मात्र साधी आहे. करार झालेले वाहतूकदार माल नाकारतात का? खुल्या बाजारात जास्त मिळत असेल तर ते करारातला माल सोडतात. अमेरिकेत हे मोजलं जातं. २०२१ मध्ये बराच काळ पाचातला एक भार नाकारला जात होता, २०२३ मध्ये हे प्रमाण अगदी थोड्यावर आलं. तुम्ही हे मोजू शकत नसलात तरी विचारू शकता. गोदामाच्या डिस्पॅच विभागात ओळख काढा आणि विचारा की गाडी मागितल्यावर किती वेळात मिळते. दहा मिनिटांत दहा गाड्या उभ्या राहत असतील तर अकरावी तुमची नको.

चौथी पायरी: बॉडी म्हणजे बाजार

बंद बॉडीचा ट्रक घेतलात की तुम्ही दुकानदारीच्या बाजारात शिरलात. उघडी, सपाट गाडी म्हणजे लोखंड, यंत्रं, बांधकाम. तिथे व्याजदर वाढले की घरं आणि प्रकल्प मंदावतात आणि गाडी उभी राहते. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारी गाडी, महाग, त्याच्या थंडाव्याच्या युनिटला वेगळं डिझेल, तापमान बिघडलं तर अख्ख्या मालाचा दावा अंगावर. पण माणसं मंदीतही जेवतात, म्हणून तिथला चढउतार जरा सौम्य. टँकरला परवाने आणि प्रशिक्षण जास्त लागतं, त्यामुळे गर्दी कमी.

नव्या माणसाने काय घ्यावं? माझं मत असं की आधी मार्ग निवडा, मग बॉडी. ज्या दोन ठिकाणांमध्ये दोन्ही बाजूंनी माल हलतो, तिथे जे चालतं ते घ्या. केवळ जास्त भाडं मिळतं म्हणून घेतलेली खास बॉडी परतीला रिकामी येते, आणि रिकामं येण्याचा हिशेब आपण वर केलाच.

पाचवी पायरी: खुला बाजार आणि करार

खुल्या बाजारात दलालाकडून किंवा अ‍ॅपवरून रोजच्या भावाने माल मिळतो. करारात सहा महिने किंवा वर्षाचा दर ठरतो. खुला भाव आधी हलतो, कराराचे दर काही महिने मागून येतात. म्हणून खुला भाव कराराच्या खाली बराच गेला असेल तर पुढच्या नूतनीकरणाला तुमचा करार कापला जाणार हे धरून चाला.

तेजीत सगळी गाडी खुल्या बाजारात टाकायचा मोह होतो. जुन्या मालधन्याला 'आता परवडत नाही' म्हणून सोडलेले मालक मंदीत त्याच्याच दारात उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि मालधनी विसरत नाही. गाडीचे निम्म्याहून अधिक दिवस बांधलेल्या कामाला द्यावेत, उरलेले खुल्या बाजाराला. पण एकाच गिऱ्हाइकावर सगळा भार टाकू नका. कमाईचा तिसरा हिस्सा एकाकडून येऊ लागला की दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा.

करारात डिझेलचं कलम हवंच. सूत्र सोपं आहे: डिझेल जितकं वाढलं त्याला गाडीच्या ॲव्हरेजने भागा. लिटरला तीन किलोमीटर देणाऱ्या गाडीसाठी लिटरमागे ९ वाढले तर किलोमीटरला ३ वाढले. गाडी रिकामी परतत असेल तर भरलेल्या किलोमीटरला ६ मागा, कारण परतीचं डिझेलही तुम्हीच जाळताय. मूळ भाव कोणत्या तारखेचा आणि फेरआढावा किती दिवसांनी, हे दोन्ही लिहिलेलं असावं.

सहावी पायरी: उधारीला पैसा बाजूला

पुन्हा तोच हिशेब: महिन्याला फिरतीचे ३,६०,००० आणि उभ्या गाडीचे २,४०,०००, मिळून ६,००,०००. मालधनी ६० दिवसांनी पैसे देत असेल तर पहिला पैसा येईपर्यंत १२,००,००० तुमचे अडकतात. काही आगाऊ मिळेल, तेवढे कमी धरा. गाडीच्या पहिल्या भरण्यात सगळी शिल्लक घालणारा माणूस नफ्याच्या खेपा करूनही तिसऱ्या महिन्यात डिझेलसाठी उसने मागतो.

तुमची बिलं विकत घेऊन लगेच पैसे देणाऱ्या फॅक्टरिंग कंपन्या असतात. त्यांची कपात ऐकायला थोडी वाटते. तुमचा नफा शेकडा आठ असेल आणि कपात तीन, तर नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तिथे गेला. शिवाय गिऱ्हाईक बुडालं तर पैसे परत मागण्याचा हक्क त्यांना आहे का, तेवढं सही करण्याआधी वाचा. आणि पोचपावती माल उतरल्या क्षणी घ्या, तिचा फोटो काढून त्याच दिवशी पाठवा. पावती आठवडाभर चालकाच्या खिशात राहिली तर साठ दिवसांचे सदुसष्ट होतात.

मोठ्यांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेतली यलो ही १९२४ सालची कंपनी, सुमारे ३० हजार कामगार, ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. कामगार संघटनेशी वाद आणि कर्जाचा डोंगर ही तिची स्वतःची कारणं होती. पण तो डोंगर कोसळला मंदीतच.

सातवी पायरी: कायदा आणि चालक

नियम बदलले की गाड्यांची संख्या न बदलताही बाजार बदलतो. डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत चालकांच्या तासांची नोंद इलेक्ट्रॉनिक झाली, कागदी डायरीतली ढिलाई संपली, आणि २०१८ ची टंचाई वाढवण्यात त्याचाही हात होता. युरोपीय संघात चालकाने साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबलंच पाहिजे. धुराचे नियम कडक होणार असले की लोक आधीच गाड्या घेऊन ठेवतात: अमेरिकेत २००७ च्या नियमाआधी २००६ मध्ये अशी झुंबड उडाली आणि पुढच्या वर्षी विक्री कोसळली. तुमच्या देशात असा नियम कधी लागू होतोय ते शोधा. त्याच्या आदल्या वर्षी गाडी महाग मिळेल आणि नंतर रस्त्यावर गर्दी असेल.

चालक मिळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघटनेने, आयआरयूने, २०२३ मध्ये ३६ देशांत मिळून तीस लाखांहून अधिक चालकांच्या जागा रिकाम्या असल्याचं सांगितलं. ब्रिटनमध्ये २०२१ साली चालक नसल्यामुळे पंपांवर इंधन पोचेना आणि लष्कराचे चालक बोलवावे लागले. चांगल्या चालकाला वेळेवर पगार, झोपायला नीट जागा आणि घरी जाण्याची ठरलेली तारीख द्या. भाड्याच्या घासाघीशीत मिळवलेला पैसा चालक सोडून गेल्यावर एका आठवड्यात जातो.

आठवी पायरी: गाडी घेण्याची वेळ

मंदीत जुन्या गाड्या स्वस्त होतात, कारण बँकांनी ओढून आणलेल्या आणि धंदा सोडलेल्यांच्या गाड्या एकदम विक्रीला येतात. मला विचाराल तर पहिली गाडी अशा वेळी, जुनी, चांगल्या इंजिनाची घ्यावी. तिला दुरुस्ती जास्त लागेल, पण हप्ता हलका असेल. नवीन गाडीचा जड हप्ता तेजीतच पेलतो, आणि तेजी हप्त्यांइतकी वर्षं टिकत नाही. घेण्याआधी मेकॅनिकला सोबत न्या, सर्व्हिसचे कागद मागा, आणि कर्ज किंवा दंड बाकी नाहीत ना ते तपासा.

आणि त्याहीआधी तीन महिने एक वही ठेवा. तुम्ही निवडलेल्या मार्गाचं जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, डिझेलचा भाव आणि गाडी भरायला लागलेले दिवस, दर सोमवारी लिहा. भाड्याच्या आकड्यांसाठी दोन वेगवेगळ्या दलालांना आणि एका चालकाला विचारा, कारण तिघांचे आकडे जुळत नाहीत आणि चालकाचा बहुधा खरा असतो. तीन महिन्यांनी या आकड्यांतून हप्ता सोडून बाकीचा तुमचा किलोमीटरचा खर्च वजा करा. सगळ्यात वाईट महिन्यातही हप्ता निघत असेल तर बँकेत जा. निघत नसेल तर वहीचा चौथा महिना सुरू करा.